चौकोनी भोक : जुन्या मोटारींच्या ‘रिस्टोरेशन’मध्ये रेडिओचे काय होते

#थ्रेड #इतिहास

१/
जुनी मोटार ‘रिस्टोर’ होण्यासाठी गॅरेजमध्ये शिरली, की पहिल्या काही दिवसांतच तिचा डॅशबोर्ड उघडा पडतो आणि रेडिओ बाहेर येतो. पुढे आसने नव्या कापडासह परत येतात, चाके परत येतात, इंजिनही घासूनपुसून जागेवर बसते. रेडिओ मात्र सहसा परत येत नाही. त्याच्या जागी १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असे एक चौकोनी भोक पाडले जाते आणि त्या भोकात निळ्या उजेडाचा एक खोका बसतो. मालक समाधानी, कारागीर समाधानी, प्रदर्शनातील बघेही समाधानी. या साऱ्या व्यवहाराला ‘रिस्टोरेशन’ हे नाव दिले जाते. हा धागा त्या नावावरची हरकत आहे.

२/
आरंभ डॅशबोर्डापासूनच करावा लागतो, कारण हा शब्द मोटारीपेक्षा जुना आहे. घोडागाडीत घोड्याच्या टापांनी उडालेला चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे लाकडाची किंवा चामड्याची एक आडवी फळी असे. तोच मूळ डॅशबोर्ड. घोडा गेला, फळी राहिली. १९०१ च्या ओल्ड्समोबाईलमध्ये ती पुढे वळवलेली दिसते आणि त्या मोटारीचे नावच ‘कर्व्ह्ड डॅश’ पडले. पुढे त्या फळीमागे इंजिन आले, म्हणून तिच्यावर तेलाच्या दाबाचे, पाण्याच्या उष्णतेचे, वेगाचे मापक येत गेले. चिखल अडवणारी पाटी हळूहळू मोटारीचा चेहरा झाली, आणि हा चेहरा फक्त आत बसलेल्यालाच दिसतो. ‘बाहेरून सगळे जसेच्या तसे ठेवले आहे’ या वाक्यात म्हणूनच अर्धी चोरी लपलेली असते.

३/
रेडिओ या चेहऱ्यावर सुखासुखी आला नाही. १९३० साली शिकागोच्या गॅल्व्हिन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनने मोटारीत बसणारा रेडिओ बाजारात आणला. मोटर आणि व्हिक्ट्रोला या दोन शब्दांच्या सांध्यातून त्याचे नाव ‘मोटोरोला’ ठेवले, आणि पुढे कंपनीनेच ते नाव घेतले. किंमत ११० ते १३० डॉलर. त्या वर्षी फोर्डची साधी मॉडेल ए मोटार पाचशे डॉलरच्या आत मिळत होती. म्हणजे मोटारीच्या किमतीचा चौथा हिस्सा एका रेडिओसाठी!

४/
रेडिओ बसवणे हेही एक दिव्य होते. व्हॉल्व्हना लागणाऱ्या उच्च दाबाच्या विजेसाठी वेगळ्या बॅटऱ्या मोटारीच्या तळाशी ठेवाव्या लागत, एरियलची जाळी छताच्या अस्तरात किंवा पायाखाली घालावी लागे, आणि इंजिनच्या ठिणग्यांचा खरखराट दाबण्यासाठी प्रत्येक स्पार्क प्लगची समजूत घालावी लागे. युरोपात १९३२ साली आलेल्या ब्लाऊपुंक्टच्या ‘एएस ५’ या संचाची किंमत ४६५ राइशमार्क होती. तो इतका मोठा होता, की चालकाच्या हाताशी मावतच नसे. त्याची कळ तेवढी स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेली असे. दूरनियंत्रक दिवाणखान्यात येण्याच्या पुष्कळ आधी तो मोटारीत आला होता.

५/
विरोधही झाला. चालकाचे लक्ष विचलित होईल, संथ गाण्याने त्याला झोप लागेल, म्हणून मोटारीतील रेडिओवर बंदी घालावी असे प्रस्ताव अमेरिकेत १९३० च्या सुमारास मांडले गेले. आज मोबाइलविषयी जी वाक्ये बोलली जातात, त्यांचा पहिला मसुदा मोटारीतील रेडिओविषयी लिहिला गेला होता. तो रेडिओ भंगारात टाकताना हा वादही भंगारात जातो.

६/
मग ‘व्हायब्रेटर’ आला. मोटारीची ६ किंवा १२ व्होल्टची सरळ वीज एका थरथरत्या पोलादी पातीने सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा तोडायची, त्या तुटक विजेला ट्रान्सफॉर्मरमधून चढवायचे आणि व्हॉल्व्हना पोसायचे. जुना रेडिओ लावल्यावर आधी डब्यातून भुंग्यासारखी गुणगुण ऐकू येते, ती या पातीची. मग व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचे. मग आवाज. हे थांबणे हा त्या वस्तूचा दोष नव्हे, स्वभाव आहे. १९५५ साली फिल्को आणि क्रायस्लर यांनी पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ जाहीर केला. किंमत १५० डॉलर. त्यानंतर व्हायब्रेटरचे दिवस भरत आले. ज्या मोटारीत व्हायब्रेटर आहे आणि ज्या मोटारीत नाही, त्या दोहोंच्या मध्ये विद्युत्-तंत्रज्ञानाच्या इतिहासातील एक मोठी सीमारेषा जाते. डॅशबोर्डाखाली हात घातला तर ती बोटाला लागते.

७/
आता तबकडी पाहा. १९५३ ते १९६३ या काळातील अमेरिकन मोटारींच्या रेडिओवर ६४० आणि १२४० या आकड्यांपाशी एकेक छोटा त्रिकोण छापलेला असतो. अनेकांना तो नक्षीकाम वाटतो. ती ‘कॉनेलरॅड’ योजनेची खूण आहे. सोव्हिएत बॉम्बफेकी विमानांनी अमेरिकन रेडिओ केंद्रांच्या लहरींचा माग काढीत शहरांवर येऊ नये, म्हणून हल्ल्याच्या वेळी बाकी सर्व प्रक्षेपण बंद ठेवून फक्त ६४० आणि १२४० किलोसायकल्सवर सूचना द्यावयाच्या, अशी ती व्यवस्था होती. कुटुंबाला घेऊन समुद्रकिनारी निघालेल्या गृहस्थाच्या गुडघ्यासमोर अणुयुद्धाच्या दोन खुणा होत्या, आणि त्यांच्यामधून काटा फिरवत तो क्रिकेटसारखाच वेळखाऊ असा बेसबॉलचा सामना शोधत होता. शीतयुद्धावरची दहा पुस्तके एकीकडे आणि हे दोन त्रिकोण एकीकडे. कॅडिलॅकच्या ‘रिस्टोरेशन’मध्ये पहिल्यांदा जातात ते हेच त्रिकोण.

८/
भारतातील तबकडीचा इतिहास याहून कमी गंमतीचा नाही. १९३३ च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी कायद्याने परवान्यावाचून रेडिओ-संच बाळगणे हा गुन्हा ठरवला होता. टपाल कचेरीतून परवान्याची पुस्तिका घ्यायची, दरवर्षी शुल्क भरायचे, शिक्का मारून आणायचा. ही पद्धत ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत चालू होती. मोटारीतला रेडिओ हाही या कायद्याच्या नजरेत रेडिओच. म्हणजे डॅशबोर्डावरच्या त्या दोन कळांमागे सरकार उभे होते. जुन्या मोटारीच्या हातमोजे-कप्प्यात अशी पुस्तिका सापडली, तर आजचा मालक तिचे छायाचित्र काढून हजार लोकांना दाखवतो. ती पुस्तिका ज्याच्यासाठी होती, तो संच मात्र आठवड्यापूर्वी रद्दीवाल्याकडे गेलेला असतो.

९/
त्यात केसकरांचा काळ. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे, १९५२ पासून दहा वर्षे माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री. शास्त्रीय संगीताला आकाशवाणीवर त्यांनी दिलेले स्थान मोठे होते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. परंतु चित्रपटगीतांना त्यांनी दाखवलेल्या दारामुळे श्रोते सरळ समुद्र ओलांडून कोलंबोला गेले. १९५२ च्या अखेरीस रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि भारतातील घराघरांत शॉर्टवेव्हचा काटा २५ आणि ४१ मीटरच्या आसपास घुटमळू लागला. ऑक्टोबर १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू करून आकाशवाणीने हा पराभव एक प्रकारे मान्य केला.

१०/
ज्या मोटारीच्या रेडिओवर शॉर्टवेव्हचा पट्टा होता, ती मोटार या भांडणातली साक्षीदार आहे. पुण्याच्या केंद्रावरून १९५५–५६ मध्ये दर आठवड्याला ‘गीतरामायण’ प्रसारित होत होते, ते मीडियमवेव्हवर. कोलंबोची गाणी शॉर्टवेव्हवर. एकाच कळीच्या दोन फेऱ्यांत महाराष्ट्रातील श्रोत्याच्या दोन भुका मावत होत्या. हे सारे एका हाताच्या पंजाएवढ्या काचेवर छापलेले आहे. ती काच फोडून तिथे ब्लूटूथचे चिन्ह लावणाऱ्याला आपण काय खोडले हे बहुधा ठाऊकच नसते. अज्ञानाचा राग येऊ नये. ज्याला ठाऊक असते आणि तरीही जो ग्राइंडर उचलतो, त्याच्यासाठी हा पुढचा भाग.

११/
चौकोनी भोकाचे तंत्र समजून घेतले पाहिजे. जुन्या मोटार-रेडिओच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक दांडी, त्यांवर कळा, मधे तबकडी. त्यासाठी पत्र्यात दोन वर्तुळे आणि एक आडवी खिडकी एवढेच लागे. पुढे जर्मन मानकाप्रमाणे १८० बाय ५० मिलिमीटरचा खोका रूढ झाला आणि जगभरचे संच त्या मापाचे झाले. जुन्या खिडकीत हा खोका बसत नाही. मग दोन वर्तुळांच्या मधला पत्रा कापावा लागतो. फियाट ११०० किंवा तिच्यातून आलेल्या पद्मिनीसारख्या मोटारीत डॅशबोर्ड हा रंगवलेल्या पत्र्याचा. प्लॅस्टिकची फळी बदलता येते. पत्र्याचा डॅशबोर्ड कापला, की मोटारीचा देहच कापला गेला. वेल्डिंगने तो भरता येतो, पण त्या ओळी, ती दाबून काढलेली कड पुन्हा तशीच उमटवणारा कारागीर मिळवण्यात वर्षे जातात, आणि मिळाला तरी तो जे देतो ती प्रतिकृती असते.

१२/
कोणी म्हणेल, एवढा शोक कशाला, पद्मिनी ही काही राजाची रोल्स-रॉइस नव्हे. अगदी हाच मुद्दा उलटा आहे. रोल्स-रॉइसची काळजी घ्यायला लिलाववाले आहेत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून जी १०८९ सीसीची मोटार दशकानुदशके बाहेर पडली, तिची काळजी तिच्या मालकांवाचून कोणीच घेणार नाही. १९७४ पासून ती ‘पद्मिनी’ या नावाने धावली. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची नोंद झालेली पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा संपताच २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांतून केवढा गहिवर वाहिला! त्याच गहिवराच्या लाटेवर ‘पद्मिनी रिस्टोर करून देऊ’ अशा जाहिराती आल्या, आणि त्यांतील अनेकींच्या छायाचित्रांत डॅशबोर्डाच्या मधोमध टॅब्लेटएवढा पडदा चमकत होता.

१३/
‘रिस्टोरेशन’ला मराठीत नेमका शब्द आहे : जीर्णोद्धार. तो शब्द ऐकताच महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांसमोर देऊळ येते, आणि दुर्दैवाने त्याबरोबरच गाभाऱ्याला लावलेल्या स्नानगृहाच्या फरश्या, काळ्या पाषाणावर चढवलेला तैलरंग आणि सागवानी सभामंडपाच्या जागी उभा राहिलेला सिमेंटचा मांडवही येतो. देणगीदारांच्या नावांची पाटी तेवढी संगमरवरी. मोटारीच्या जीर्णोद्धाराचे शास्त्रही याच मार्गाने चालले आहे. जीर्ण होते ते काढले, उद्धार मात्र फरशीचा झाला.

१४/
अजिंठ्याचे उदाहरण याहून बोलके आहे. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने इटलीहून चेकोनी आणि ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ बोलावले. हेतू शुद्ध, खर्च मोठा, कौशल्य वादातीत. चित्रे सुटू नयेत म्हणून त्यांनी लाखेचा लेप दिला. तो लेप काळाबरोबर पिवळसर तपकिरी होत गेला आणि त्याने धरलेली धूळ-काजळी काढता काढता पुढच्या पिढ्या थकल्या. चांगल्या माणसांनी, उत्तम हेतूने केलेले काम परत फिरवता येत नसेल, तर काय होते याचा हा धडा जळगाव-औरंगाबादच्या वाटेवर सर्वांना पाहता येतो.

१५/
युरोपात हा वाद एकोणिसाव्या शतकातच पेटला होता. फ्रान्सचा व्हियोले-ल-द्युक म्हणे, की वास्तूचा उद्धार करणे म्हणजे तिला अशा पूर्णावस्थेला नेणे, जी कदाचित कधी अस्तित्वातही नसेल. इंग्लंडमध्ये रस्किन आणि विल्यम मॉरिस यांनी याला सरळ विध्वंस म्हटले. १८७७ साली मॉरिसने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली : डागडुजी करा, नूतनीकरण नको, हा तिचा आग्रह.

१६/
येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याच १८७७ साली दुसरा एक विल्यम मॉरिस जन्माला आला. त्याने पुढे ऑक्सफर्डमध्ये मोटारींचा कारखाना काढला. त्याच्या कंपनीच्या मॉरिस ऑक्सफर्ड मालिका तीनवरून हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसेडर घडली, जी १९५७ पासून २०१४ पर्यंत निघत राहिली. नूतनीकरणाविरुद्ध लढलेल्या मॉरिसचा जीव, आपल्या नामबंधूच्या मोटारीत टचस्क्रीन बसलेली पाहून कासावीस झाला असता.

१७/
१९६४ च्या व्हेनिसच्या सनदेने मॉरिसची बाजू बरीचशी उचलून धरली. तर्क सुरू होतो तिथे उद्धाराचे काम थांबले पाहिजे, आणि वास्तूत निरनिराळ्या काळांनी घातलेली योग्य भर जपली पाहिजे, हे तिचे सार. जुन्या मोटारींची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ १९६६ पासून आहे. तिने २०१२ मध्ये ट्युरिनची सनद स्वीकारली, ती याच विचारावर उभी आहे. अपरिहार्य बदल परत फिरवता यावेत आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग मोटारीबरोबरच जपून ठेवावेत, अशी तिची शिफारस आहे. सनद जगभर वाटली गेली आहे. ती वाचली किती जणांनी, हे डॅशबोर्ड पाहून समजते.

१८/
आतापर्यंतच्या टीकेवर शुद्धतावादी मंडळी मान डोलावत असतील. त्यांनी थोडे थांबावे. रेडिओचा दुसरा मारेकरी त्यांच्यातच आहे. पुष्कळ मोटारी कारखान्यातून रेडिओविना निघत. पहिला मालक विक्रेत्याकडे किंवा बाजारात तो बसवून घेई. मग साठ वर्षांनी शुद्धतावादी परीक्षक वही घेऊन येतो, कारखान्याच्या यादीत रेडिओ नाही म्हणून गुण कापतो, आणि मालक तो संच काढून तिथे कोरी झाकणी लावतो. एकाला संच निरुपयोगी म्हणून नको, दुसऱ्याला तो ‘मूळचा नाही’ म्हणून नको. रद्दीवाल्याच्या तराजूत दोन्ही मते सारखीच भरतात.

१९/
या दुसऱ्या मताचे उत्तर देणे आवश्यक आहे, कारण ते विद्वत्तेचा वेश घेऊन येते. मोटार कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली त्या क्षणीच तिचा इतिहास संपला, असे हे मत गृहीत धरते. वस्तुतः त्या क्षणी तो सुरू होतो. मुंबईच्या पद्मिनीच्या डॅशबोर्डावर गणपती बसवण्यासाठी पाडलेली दोन बारीक छिद्रे, दसऱ्याच्या कुंकवाने कायमचा रंगलेला एक कोपरा, मैलांच्या तबकडीवर रंगाने ओढलेली किलोमीटरची रेघ : १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने देश मेट्रिक झाला, हे त्या रेघेइतके प्रत्यक्ष क्वचित दिसते. आणि बाजारातून आणून बसवलेला रेडिओ! ही सगळी भर काढून मोटार ‘कोरी’ करणे म्हणजे वापरलेल्या ज्ञानेश्वरीच्या समासातली आजोबांची टिपणे खोडरबराने पुसणे.

२०/
वेगमापक काढण्याचा एक व्यवहारी पैलूही आहे. तो बदलला, की मोटार किती धावली याचा एकमेव पुरावा बदलला. पुढच्या खरेदीदाराला शून्यापासून सुरू होणारा नवा आकडा मिळतो आणि विक्रेत्याचे तोंड गोड होते. सगळेच हे हेतुपुरस्सर करतात असे नाही. पण जुना मापक डब्यात घालून, त्यावरचा आकडा लिहून, मोटारीबरोबर न देणाऱ्याने संशय आला तर तक्रार करू नये.

२१/
आता विरुद्ध बाजू, तिच्या पूर्ण वजनानिशी. पहिला मुद्दा आगीचा. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या रबरी आणि सुती वेष्टनाच्या तारा हात लावताच चुरा होतात. त्या बदलायच्या तर डॅशबोर्ड सोडवावाच लागतो. काच बदलताना, गंज काढताना, आतून रंग देताना तो सोडवावाच लागतो. हे शंभर टक्के खरे आहे. डॅशबोर्ड काढण्याला कोणाची हरकत नाही. शस्त्रक्रियेसाठी पोट उघडावेच लागते. हरकत आहे ती, उघडल्यावर आतले काढून तिथे दुसऱ्याचे बसवण्याला.

२२/
दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. पत्र्याचा डॅशबोर्ड अपघातात कवटी फोडतो. खरेच फोडतो. राल्फ नेडरने १९६५ साली अमेरिकन मोटारींवर जे पुस्तक लिहिले, त्यात मोटारीच्या आतल्या कठीण कडांवर आणि कळांवर झालेल्या ‘दुसऱ्या टकरी’चा मोठा भाग आहे. पण त्यावरचा उपाय टचस्क्रीन नव्हे. उपाय आहे व्होल्व्होच्या नील्स बोलिनने १९५९ मध्ये रूढ केलेला तीन बिंदूंचा पट्टा. तो जुन्या मोटारीत योग्य बळकटी देऊन बसवता येतो, उद्या काढताही येतो. सुरक्षिततेच्या नावाने रेडिओ काढणारे किती मालक पट्टे बसवतात, हे प्रदर्शनातल्या मोटारींत वाकून पाहावे.

२३/
तिसरा मुद्दा : ‘संच बंद आहे, दुरुस्त होत नाही.’ हे बहुधा असत्य असते. बंद पडलेल्या व्हॉल्व्ह-संचात सहसा सुकलेले कपॅसिटर आणि चिकटलेला व्हायब्रेटर एवढेच रोगी असतात. व्हायब्रेटरच्या जागी त्याच डब्यात बसणारे इलेक्ट्रॉनिक मंडळ घालता येते. ट्रान्झिस्टर-संचांचा मोठा शत्रू ध्रुवता. अनेक ब्रिटिश वळणाच्या मोटारींत बॅटरीचे धन टोक देहाला जोडलेले असे. डायनामो काढून अल्टरनेटर बसवताना ते उलटवतात, रेडिओची जोडणी मात्र उलटवायला विसरतात. कळ फिरवताच जुने जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर जळतात. मग ‘जुना होता, गेला’ असा मृत्यूचा दाखला लिहिला जातो. मारेकऱ्यानेच लिहिलेला.

२४/
मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या आसपास आजही सोल्डरिंगची इस्त्री हाती धरणारी अशी माणसे आहेत, ज्यांना व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर दोन्ही कळतात. त्यांच्याकडे मोटारींचे मालक जात नाहीत. ते चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर जातात आणि तिथे दुसऱ्या कोणाच्या मोटारीतून निघालेला तसाच रेडिओ दिवाणखान्यातल्या शोभेसाठी विकत घेतात. तो घरातल्या काचकपाटात ठेवतात. मोटारीत मात्र निळा खोका.

२५/
चौथा मुद्दा सर्वांत प्रामाणिक आहे : ‘आम्हाला गाणी ऐकायची आहेत.’ मीडियमवेव्हवर आज ऐकण्यासारखे फारसे उरले नाही, हे मान्य. त्यावरचा उपाय कोणत्याही होतकरू तंत्रज्ञाला ठाऊक आहे. जुन्या संचाच्या डब्यातच ब्लूटूथचा छोटा पट्टा आणि छोटा प्रवर्धक बसवता येतो. कळा त्याच, तबकडी तीच, दिवा तोच. मूळ मंडळ न तोडता हे होते. किंवा स्वतंत्र प्रवर्धक आसनाखाली ठेवावा आणि मोबाइलवरून गाणे लावावे. त्याला पत्र्यात एकही भोक लागत नाही. ग्राइंडर लागतो तो गाण्यासाठी नाही, दाखवण्यासाठी.

२६/
पाचवा : ‘मोटार आमची, पैसा आमचा.’ बरोबर. मोटारीचे काहीही करावे. जुन्या देहात नवे इंजिन, नवा डॅशबोर्ड घालून स्वतःची अशी मोटार घडवण्याची एक जुनी, कल्पक परंपरा अमेरिकेत आहे आणि ती स्वतःला प्रामाणिकपणे ‘हॉट रॉड’ म्हणवते. तिच्याशी या धाग्याचे भांडण नाही. भांडण आहे ते रूपांतराला जीर्णोद्धार म्हणवून त्या नावाची किंमत बाजारात वसूल करण्याशी. कोल्हापुरी चपलेला रबरी तळ लावावा, खुशाल लावावा. तिला अस्सल कोल्हापुरी म्हणून विकू नये.

२७/
कायदा येथे विचित्रपणे मुका आहे. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने विंटेज मोटारींच्या नोंदणीचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली दुचाकी-चारचाकी वाहने, ‘व्हीए’ ही अक्षरे असलेली खास क्रमांकपट्टी, २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. स्तुत्य पाऊल. मोठे फेरबदल झालेले नसावेत अशी अट आहे आणि तिच्या स्पष्टीकरणात चेसिस, देह आणि इंजिन यांचा उल्लेख आहे. डॅशबोर्डाचा नाही. रेडिओचा अर्थातच नाही. जे सरकार एके काळी त्या रेडिओसाठी दरवर्षी शिक्का मारून परवाना देत होते, त्याच्या विंटेज नियमांत त्या रेडिओला आज एक ओळही नाही.

२८/
परिणामी असे घडू शकते : पत्र्याचा डॅशबोर्ड आडवा कापलेली, मापक बदललेली, रेडिओ विकलेली एक मोटार ‘मूळ रूपात जपलेली’ या शिक्क्यानिशी रस्त्यावर धावेल, कारण तपासणाऱ्याच्या कागदावर आतल्या चेहऱ्यासाठी रकानाच नाही. कापलेला पत्रा हा देहाचाच भाग आहे, असा अर्थ एखाद्या दक्ष अधिकाऱ्याने लावला तर लावता येईल. तो लावला जावा म्हणून जुन्या मोटारींच्या मंडळांनीच निवेदन दिले पाहिजे. त्यांच्या संचलनात आज पदके मिळतात ती रंगाच्या चकाकीला आणि क्रोमला.

२९/
मागण्या मोठ्या नाहीत. नोंदणीच्या अर्जासोबत डॅशबोर्डाचे एक छायाचित्र आणि वेगमापकावरचा आकडा. प्रदर्शनाच्या गुणपत्रिकेत काढलेल्या मूळ भागांच्या डब्यासाठी गुण. काळाच्या ओघात बसवलेल्या रेडिओबद्दल गुणकपात बंद. आणि गॅरेजच्या बिलात एक ओळ : कोणता भाग काढला, तो कोणाच्या ताब्यात दिला.

३०/
डॅशबोर्ड सोडवण्याआधी करावयाचे काम अर्ध्या दुपारचे आहे. बॅटरीची तार काढावी. समोरून, खालून, हातमोजे-कप्प्याच्या पोकळीतून छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधावी. रेडिओच्या पाठीवर निर्मात्याची पट्टी आणि क्रमांक असतो, तो उतरवून घ्यावा. बॅटरीचे कोणते टोक देहाला आहे तेही लिहावे. कळा वेगळ्या पुडीत, कारण पहिल्यांदा हरवतात त्या कळाच. मग सगळे एका खोक्यात घालून त्या खोक्यावर मोटारीचा क्रमांक लिहावा आणि खोका मालकाच्या घरी ठेवावा, गॅरेजमध्ये नाही.